पणजोबांच्या पेटीतले दोन रंधे: बनवले कुणी, कधी?

कोल्हापूरच्या शुक्रवार पेठेतल्या जुन्या घराच्या माळ्यावरून पणजोबांची अवजारांची पेटी खाली काढली आणि तिच्यात दोन रंधे निघाले, असा हा प्रश्न आहे. पहिला बिडाचा, १४ इंच लांब. त्याच्या पात्यावर ‘स्टॅन्ली’ आणि ‘मेड इन इंग्लंड’ असं आहे, पण अंगावर बिडातच उठलेल्या तीन तारखा आहेत, त्याही अमेरिकन पद्धतीनं महिना आधी लिहिलेल्या. दुसरा लाकडी, १६ इंचांच्या आसपास. त्याच्या पात्यावर ‘आय. सोर्बी’, ‘शेफील्ड’, ‘कास्ट स्टील’ ही अक्षरं आणि शेजारी टोकदार टोपीतला लांब नाकाचा माणूस. पणजोबांनी दोन्ही रंधे न्यू पॅलेसच्या कामावर चालवले, असं घरात सांगत आलेत. कंपनी कोणती, वय किती आणि किंमत काय येईल, हे विचारलंय.

आधी निकाल सांगतो. बिडाच्या रंध्याचं अंग अमेरिकेतलं आहे. कनेक्टिकट राज्यातल्या न्यू ब्रिटन गावच्या स्टॅन्ली रूल अँड लेव्हल कंपनीचा तो नंबर ५ आहे, १९१० ते १९१८ या काळातला. पातं मात्र निदान वीस वर्षं उशिराचं, शेफील्डमध्ये झालेलं. लाकडी रंध्यात उलटा प्रकार आहे: पातं इंग्लंडचं आणि अंग माझ्या मते इथल्याच एखाद्या मिस्त्रीनं घडवलेलं. न्यू पॅलेसचं म्हणाल तर ते काम १८७७ ला सुरू होऊन १८८४ ला पुरं झालं. बिडाचा रंधा तेव्हा जगात नव्हता.

आता हे कशावरून काढलं ते. मी उद्यमनगरात पॅटर्न बनवतो. बीड ओतण्याआधी वाळूत ज्याचा ठसा घेतात तो लाकडी नमुना म्हणजे पॅटर्न. त्यामुळे हात रोज रंध्यावर आणि डोळा रोज कास्टिंगवर. तुमच्यासारखे फोटो बरेच जण पाठवतात आणि सगळे पात्याचा फोटो सर्वांत मोठा काढतात, कारण नाव तिथे असतं. मी पातं सगळ्यात शेवटी बघतो. पातं झिजायचीच वस्तू. रोज दगडावर लावलं, वर्षातून चार वेळा ग्राइंडरवर गेलं, की कामाच्या माणसाच्या हातात ते काही वर्षांत आखूड होतं आणि दुकानातून दुसरं येतं. बिडाचं अंग मात्र पडून फुटलं नाही तर तीन पिढ्या टिकतं. पात्यावरचं नाव फक्त पात्याचं वय सांगतं.

तुमच्या फोटोत मुठीच्या पुढे, पातं ज्या तिरक्या बैठकीवर टेकतं तिच्या मागे तीन तारखा दिसतात: मार्च २५, ०२, ऑगस्ट १९, ०२, एप्रिल १९, १०. या बैठकीला फ्रॉग म्हणतात, पुढे मीही तेच म्हणेन. या तारखा पेटंटच्या आहेत, रंधा बनल्याच्या नव्हेत. पुष्कळ जण इथेच घसरतात आणि ‘१९०२ चा रंधा’ म्हणून सांगत सुटतात. पेटंटची तारीख एवढंच सांगते की वस्तू त्या दिवसाच्या आधीची नाही. तीन तारखांपैकी सर्वांत उशिराची १९ एप्रिल १९१०, म्हणजे तुमचा रंधा त्यानंतरचा. नुसत्या १९०२ च्या दोन तारखा असत्या, तर तो १९०२ ते १९१० च्या दरम्यानचा ठरला असता.

ही झाली अलीकडची हद्द. पलीकडची हद्द कशी ठरवायची? अमेरिकेत त्या काळी पेटंट १७ वर्षं चालायचं. १९०२ ची दोन पेटंटं १९१९ ला संपली आणि १९१० चं १९२७ ला. मुदत संपलेली तारीख बिडात उठवत राहण्यात कंपनीला काही फायदा नव्हता, म्हणून पुढच्या रंध्यांवर आधी एकटी १९१० ची तारीख उरली आणि मग तीही गेली. याला जोड म्हणून पुढची लाकडी गोल मूठ बघा. तुमची बुटकी आहे, जमिनीलगत बसलेल्या भोपळ्यासारखी. १९१९ च्या सुमारास स्टॅन्लीनं ती उंच केली. पातं खालीवर करायचा पितळी नटही तुमच्या रंध्यात लहान, साधारण एक इंच व्यासाचा दिसतो. पुढे तो सव्वा इंचाचा झाला. तीन तारखा, बुटकी मूठ आणि लहान नट हे तिन्ही एकाच काळाकडे बोट दाखवतात, म्हणून मी १९१० ते १९१८ असं ठामपणे म्हणतो. एकच खूण असती तर इतक्या जोरात म्हटलं नसतं.

संग्राहकांनी स्टॅन्लीच्या या बेली घडणीच्या रंध्यांचे ‘टाइप १’, ‘टाइप २’ असे वीसेक टप्पे पाडलेत. त्यात तुमचा टाइप ११ मध्ये बसतो. पण हे टप्पे नंतरच्या लोकांनी जुने रंधे जुळवून पाडले, कंपनीनं नव्हे. कारखान्यात जुन्या मुठी, जुने नट शिल्लक असले तर ते संपेपर्यंत नव्या अंगावर बसत. उद्यमनगरात कुठल्याही शेडमध्ये आजही हेच चालतं. त्यामुळे दोन टप्प्यांची सरमिसळ असलेला रंधा सापडला तर लगेच ‘कुणीतरी पार्ट बदलले’ असं म्हणू नका.

बेली हे नाव लिओनार्ड बेली यांचं. त्यांचा धंदा आणि पेटंटं स्टॅन्लीनं १८६९ ला घेतली, आणि आज जगात जो बिडाचा रंधा दिसतो तो बहुतेक त्याच घडणीचा. आकडा मापाचा: ३ नंबर ८ इंचांचा, ४ नंबर ९ इंचांचा, ५ नंबर १४, ६ नंबर १८, ७ नंबर २२ आणि ८ नंबर २४ इंचांचा. आकड्यापुढे ‘सी’ असेल तर तळाला लांबीच्या दिशेनं बारीक नाळ्या असतात. आणखी एक ढोबळ खूण: पातं डावी-उजवीकडे सरकवायची पट्टी फ्रॉगच्या डोक्यावर नसेल तर रंधा १८८५ च्या आधीचा असू शकतो. असा मिळाला तर मात्र मला आवर्जून दाखवा.

आता पातं. स्टॅन्लीनं शेफील्डमध्ये रंधे बनवायला सुरुवात केली ती १९३० च्या दशकाच्या उत्तरार्धात. म्हणून ‘मेड इन इंग्लंड’ असलेलं स्टॅन्लीचं पातं त्याच्या आधीचं असूच शकत नाही. मूळ अमेरिकन पातं घासून संपलं, आणि पणजोबांनी किंवा आजोबांनी नवं आणलं, असा सरळ अर्थ. पेटीच्या तळाशी एखादं आखूड झालेलं पातं पडलंय का बघा. मिस्त्री लोक संपलेलं पातं टाकत नाहीत, त्याची खरवडणी किंवा छोटी पटाशी करतात. सापडलं तर वरच्या टोकाचा छाप वाचा. बदामाच्या आकारात ‘एस डब्ल्यू’ अशी अक्षरं असतील तर ते पातं १९२० नंतरच्या पंधरा-एक वर्षांतलं. १९२० ला स्टॅन्ली वर्क्स आणि स्टॅन्ली रूल अँड लेव्हल या दोन कंपन्या एक झाल्या. एस डब्ल्यू म्हणजे स्टॅन्ली वर्क्स, आणि बदाम म्हणजे इंग्रजीत हार्ट, तो विल्यम हार्ट या कंपनीच्या जुन्या अध्यक्षांच्या आडनावावरून.

मागच्या मुठीबद्दल थोडं सावध बोलतो. त्या काळच्या स्टॅन्लीच्या मुठी रोझवूडच्या. आपल्याकडचा शिसव त्याचाच भाऊबंद, रंगानं आणि वजनानं जवळचा. एखाद्या चांगल्या हाताच्या मिस्त्रीनं तुटलेली मूठ शिसवात करून बसवली, तर फोटोवरून कारखान्याची कोणती आणि गावची कोणती हे सांगता येत नाही. मूठ काढून भोक बघा. कारखान्याच्या मुठीत लांब सळईचं भोक एका रेषेत आणि गुळगुळीत असतं. हातानं पाडलेलं भोक बहुधा दोन्ही बाजूंनी येऊन मध्ये किंचित चुकलेलं दिसतं.

तिथेच आटेही तपासून घ्या. मुठीच्या सळईचे आटे इंचाला २० आणि पितळी नटाचे इंचाला २४, दोन्ही मापं बाजारातल्या बोल्टला न जुळणारी. त्यामुळे एकदा मूळ पेच हरवला की माणूस भोक मोठं करून मिळेल तो बोल्ट ठोकतो. चकचकीत षटकोनी डोक्याचा बोल्ट दिसला की दुरुस्ती कळलीच. पितळी नट मात्र जोर लावून फिरवू नका; त्याचे आटे उलटे आहेत, सोडायला जाल तर आवळेल.

कोल्हापुरात राहून एक शंका घेणं भाग आहे. आपल्याकडे फाउंड्र्या मुबलक, आणि मूळ रंधाच पॅटर्न म्हणून वाळूत दाबून कुणी नक्कल ओतली असेल तर? हे ओळखायला माझ्या धंद्यातलं एक साधं गणित कामाला येतं. बीड थंड होताना साधारण एक टक्का आकसतं. म्हणून आम्ही पॅटर्न तेवढा मोठा करतो. मूळ रंधाच पॅटर्न म्हणून वापरला तर तो वाढ कुठून आणणार? १४ इंचांच्या अंगाची नक्कल साडेतीन मिलिमीटरनं आखूड निघते, आणि घासकामात आणखी थोडी जाते. दोन इंचांचं पातं तिच्यात अडकतं किंवा कडा घासून बसवावं लागतं. अक्षरंही बसकी होतात, कडा गोल होतात. तुमच्या फोटोत ‘बेली’ची अक्षरं उभ्या कडांची आणि तारखांतले बारीक आकडे सुटे दिसतात. तुमचा रंधा नक्कल नाही.

काळ्या रंगाचंही बघून घ्या. मूळ रंग डांबरासारख्या द्रव्याचा, भट्टीत भाजून बसवलेला, त्याला जपानिंग म्हणतात. जुना झाला की तो चिरतो आणि पापुद्र्यानं सुटतो, पण ब्रशच्या रेषा कधी दाखवत नाही. फ्रॉगचे दोन स्क्रू काढून खालची जागा बघितलीत की मूळ रंग तिथे बहुधा शाबूत मिळतो. अंग उचलून लाकडी दांड्यानं हलकेच टिचकी द्या. बीड खणखणलं पाहिजे. बद्द आवाज आला तर पात्याच्या फटीजवळ तडा शोधा. तिथे पिवळी रेघ दिसली तर कुणीतरी ब्रेझिंग करून, म्हणजे पितळ वितळवून, जोडलंय.

वाचणाऱ्यांपैकी इतरांच्या पेटीत दुसऱ्या नावाचे बिडाचे रंधे असतील, त्यांच्यासाठी थोडक्यात. नंबरच्या आधी शून्य, म्हणजे ०४, ०५, ०७ असं असेल आणि रंग निळा असेल तर तो शेफील्डच्या सी. अँड जे. हॅम्प्टन कंपनीचा रेकॉर्ड, १९३० च्या दशकापासून पुढचा. मिलर्स फॉल्स या अमेरिकन कंपनीनं लांबीच नंबर म्हणून दिली: १४ नंबर म्हणजे १४ इंच. सार्जंट या दुसऱ्या अमेरिकन कंपनीच्या ४१४ मधलेही शेवटचे दोन आकडे लांबीचेच. अनंत किंवा कमल लिहिलेले रंधे भारतातले, बेलीच्याच घडणीचे. आणि अंग बिडाचं नसून पोलादी पट्ट्यांना डबीसारखा जोड देऊन आत लाकूड भरलेलं असेल, नाव नॉरिस किंवा स्पियर्स असेल, तर हात न लावता आधी जाणत्याला विचारा. लंडनचा नॉरिस आणि स्कॉटलंडमधल्या एअरचा स्पियर्स यांची कारागिरी वेगळ्याच जातीची आहे आणि किंमतही.

लाकडी रंध्याकडे येतो. मला खरा रस याच्यात आहे. इंग्लंडहून येणारे लाकडी रंधे जवळजवळ सगळे बीच लाकडाचे. बीच फिकट तपकिरी, वापरून मधाच्या रंगावर जातं, आणि त्यात चमकदार बारीक ठिपक्यांसारख्या रेघा दिसतात. तुमचं लाकूड जांभळट तपकिरी, काळ्या पट्ट्यांचं. ते शिसव आहे. शिवाय इंग्लिश रंधेवाले आपलं नाव पुढच्या टोकाच्या कापावर एकाच ठशानं ठोकत. तिथे तुमच्या रंध्यावर असं नाव नाही. खिळ्याच्या टोकानं टिंबं पाडून काढलेली दोन अक्षरं आहेत, ती मालकाची खूण. ढलपी बाहेर पडते त्या घळीत पटाशीचे मार अजून दिसतात आणि पाचर जिथे अडकते त्या दोन कडा एकमेकींशी अगदी जुळत नाहीत. कारखान्याचा माल असा सुटत नसे. म्हणजे पोलादी पातं बाजारातून आणलं आणि त्याच्या मापानं अंग घरी घडवलं. आपल्याकडच्या सुतारांची ही जुनी रीत आहे आणि तिच्यात कमीपणा काही नाही. शिसवाचा तळ बीचपेक्षा उशिरा झिजतो.

पात्यावरचा टोपीवाला म्हणजे मिस्टर पंच, इंग्लंडच्या कळसूत्री खेळातलं पात्र. आय. सोर्बी या नावाबरोबर तो येतो. सोर्बी आडनावाची शेफील्डमध्ये एकाहून जास्त घराणी अवजारांच्या धंद्यात होती, म्हणून चित्र महत्त्वाचं: कांगारू असेल तर तो रॉबर्ट सोर्बी. तीन पानांचं शॅमरॉक असेल तर विल्यम मार्पल्स. छाप अनेक दशकं तोच चालत राहतो, त्यामुळे चित्रावरून बनवणारा कळतो, वर्ष कळत नाही.

‘कास्ट स्टील’ वाचून आमच्या फाउंड्रीतली पोरं पातं ओतलेलं आहे असं धरून चालतात. ते ओतीव नाही. मुशीत वितळवून शुद्ध केलेलं पोलाद, बेंजामिन हंट्समन यांनी १७४० च्या दशकात शेफील्डच्या बाजूला ही पद्धत बसवली, आणि मग त्याची पट्टी घणाखाली घडवायची. एकोणिसाव्या शतकात हे शब्द दर्जाची खूण म्हणून सर्रास ठोकत. विसाव्या शतकात विजेच्या भट्ट्यांचं पोलाद आलं तसे ते मागे पडले. पात्याची धारेकडची उतरण पाण्यानं पुसून तिरक्या उजेडात धरा. दोन रंगांच्या पट्ट्या दिसतील, खाली कडक पोलाद आणि वर मऊ लोखंड, आगीत जोडलेले. पातं वरून पातळ आणि धारेकडे जाड होत गेलेलं असेल तर तेही जुन्या पद्धतीचं. तुमच्या पात्यात हे सगळं असेल, तर ते १८५० ते १९१० या दरम्यान कुठेही बसू शकतं. यापेक्षा जवळची तारीख कुणी छातीठोकपणे सांगितली तर त्याला कशावरून ते विचारा.

म्हणजे न्यू पॅलेसच्या कामावर हा लाकडी रंधा असणं काळाच्या हिशेबानं शक्य आहे. बिडाचा नाही. त्यासाठी रंकाळ्याकाठचा शालिनी पॅलेस धरा, तो १९३० च्या दशकातला. तिथे हा चालला असेल असं म्हणायला वर्षांची अडचण येत नाही. घरातल्या गोष्टीत राजवाडे बदलायला दोन पिढ्या पुरतात.

किंमत. नंबर ५ हा स्टॅन्लीनं प्रचंड संख्येनं विकलेला रंधा. शंभर वर्षांचा असला तरी दुर्मीळ नाही, आणि पातं बदललेलं असल्यानं संग्राहक आणखी कमी देईल. साडेपाच इंचांचा नंबर १ असता तर गोष्ट वेगळी होती. लाकडी रंध्याला बाजारात भाव नाहीच म्हणा ना. भंगारवाला पात्याचं वजन करेल. माझं मत स्पष्ट आहे: बिडाचा रंधा धार लावून वापरा, लाकडी जपून ठेवा.

साफ करताना बफिंगच्या चाकावर नेऊ नका आणि ॲसिडात बुडवू नका, दोन्हींत अक्षरं जातात. रॉकेलमध्ये भिजवलेलं फडकं, नारळाची काथी आणि सवड एवढंच लागतं. पातं ग्राइंडरवर निळं पडू दिलंत तर तिथलं पाणी उतरलं, मग धार टिकणार नाही. लाकडी अंगाला वॉर्निश नको. जवसाचं तेल कापडानं चोळून पुसून घ्या, आणि पाचर पात्याशी घट्ट ठोकून ठेवू नका, पावसाळ्यात शिसव फुगलं की कडा फुटतात.

ती टिंबांची दोन अक्षरं मला फोटोत नीट लागत नाहीत. पातळ कागद ठेवून वरून शिसपेन्सिलीची कांडी आडवी घासा, ठसा उठेल. ती मोडी निघाली तर पणजोबांच्या नावाशी ताडून बघा. राजवाड्याच्या कामाचा प्रश्न रंध्यावरून सुटणार नाही. त्यासाठी कोल्हापूरच्या पुराभिलेखागारात संस्थानच्या काळातले मोडी कागद आहेत, तिथे मिस्त्रींच्या मजुरीचे हिशेब मिळतात का ते विचारा, आणि जाताना पणजोबांचं पूर्ण नाव, गाव नि पेठ लिहून न्या.